माशांसाठी ठेवलेलं पाणी

आमच्या मामांच्या घरी माशांची काचपेटी आली तेव्हा तिच्यात आठ सोनेरी गोल्डफिश होते आणि एक काळा. ही जुळणी मामांची नव्हे. ज्या सोनाराचं सोनं-चांदी मामा वर्षानुवर्षं गाळून देत, त्यानं घर बदललं आणि जाताना पेटी मामांच्या गळ्यात घातली. आठ सोनेरी हे लक्ष्मीचे आणि काळा घराची नजर स्वतःवर घेणारा, असं त्याला कुणा वास्तूवाल्यानं सांगितलं होतं म्हणे. मामा हसले होते. "आमची लक्ष्मी मुशीत वितळती. पोहायला कवा शिकली?" पण पेटी ठेवून घेतली. कुणी दारात आणून सोडलेलं माघारी धाडायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. मलाही त्यांनी तसंच ठेवून घेतलं होतं.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. जिथं सराफांची गल्ली असेल तिथं आमच्याकडचा एखादा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडतोच. मामा तरुणपणी मद्रासला आले. शहराचं नाव बदललं तरी ते मद्रासच म्हणत राहिले. साहुकारपेठेतल्या एका बोळात खाली दुकान आणि वर दोन खोल्या. सोनार जुने दागिने, तुकडे, दुकानातली झाडलोट आणून द्यायचे. मामा त्यातलं सोनं-चांदी वेगळं काढून, शुद्ध करून परत द्यायचे. आमचे हे त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढं बरोबरीनं काम करायला लागले. मामा-मामींना मूल नव्हतं. एका खोलीत ती दोघं, दुसऱ्या खोलीत आम्ही दोघं, मधे स्वयंपाकाची अरुंद जागा आणि तिथंच, खिडकीच्या चौकटीला लागून, ही पेटी.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वर्ग दुसऱ्या गावी होते आणि मला एकटीला धाडायची घरात कुणाची तयारी नव्हती. त्यामुळं मद्रासला उतरले ती मुळातच घाबरून. पाट्या वाचता येईनात, बोलणं कळेना, भाजीवाली काही विचारायची आणि मी नुसती मान हलवायची. पहिल्याच उन्हाळ्यात कावीळ झाली. ओळखीच्या बायका म्हणाल्या, हिला इथलं पाणी मानवलं नाही, गावी पाठवा. मामी म्हणाल्या, "पाणी मानवत नसंल तर पाणी बदलायचं. माणूस कशाला बदलायचं?" त्या रोज पाणी उकळायच्या, निववायच्या, संध्याकाळी आपल्या तांब्याच्या हंड्यात भरून ठेवायच्या आणि सकाळी मला उठवून लोटीभर पाजायच्या. माझं डोकं मांडीवर घेऊन पाजायच्या. मी बरी झाले ती औषधानं का त्या पाण्यानं, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या हंड्याकडं पाय करून मी कधी झोपले नाही.

हंडा मामींच्या माहेरचा. लग्नात आईनं दिलेला, गाडीत मांडीवर धरून मद्रासपर्यंत आणलेला. पाण्याच्या हंड्याला कल्हई करत नाहीत, तो आतूनही तांबंच असतो. दर शुक्रवारी मामी तो चिंच आणि मिठानं घासायच्या, बाहेरून तर घासायच्याच, पण कोपरापर्यंत हात घालून आतूनही. घासून पालथा घातला की ओट्यावर कुणी दिवा ठेवल्यासारखा दिसायचा.

माशांचं बघणं हळूहळू माझ्याकडं आलं. मामींना भाकरी-भाजी आणि पूजा यांतून वेळ नसायचा, आणि हे दिवसभर खाली. सोनारानं जाताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या: खायला चिमूटभरच घाला, पाणी एकदम सगळं बदलू नका, आणि नवं पाणी एक दिवस ठेवून मगच घाला. मी बोअरचं पाणी बादलीत भरायची आणि दुसऱ्या दिवशी मगानं थोडं थोडं घालायची. आमच्या बोअरचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. पेटीच्या काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरायचा, तो मी जुन्या ब्लेडनं खरवडायची. पण मासे त्या पाण्यात खूश होते. काचेला चिकटलेल्या गोगलगायींना पिल्लं झाली होती. मी स्वयंपाक करताना काळा मासा माझ्या बाजूला येऊन थांबायचा, बाहेर आलेल्या डोळ्यांनी बघत. मला वाटायचं, या शहरात माझी भाषा न समजणारा पण माझ्यावर न हसणारा हा एकच.

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस झाला नाही, शहराला पाणी देणारे तलाव आटले, नळ ठणठणीत. बोळाच्या तोंडाशी लॉरी यायची आणि बायका रंगीत प्लास्टिकच्या कुडम घेऊन धावायच्या. कुडम म्हणजे आपली घागर. मीही धावायला शिकले, भांडायला शिकले, तमिळमध्ये पहिलं पूर्ण वाक्य मी तिथंच बोलले असेन. दोन कुडम घेऊन जिना चढायचा, पुन्हा उतरायचं, पुन्हा चढायचं. वर आलं की उभ्याउभ्या डोळे मिटायचे. बोअरचं पाणीही खोल गेलं होतं, मोटर लावली की आधी नुसती हवा यायची. पिण्यासाठी कॅनचं पाणी विकत घ्यायला लागलो. ते पाणी गोड होतं, इतकं हलकं की चहाला चव येत नाही असं मामा म्हणायचे.

त्याच वर्षी मामांची छाती धरली. तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडमध्ये, चांदी टाकली की तांबूस धूर उठतो. धुराडं असलं तरी थोडा धूर आत राहतोच, आणि मामांनी उभा जन्म त्या धुरात काढला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता खाली उतरायचं नाही. मामांची खुर्ची वर आली, ती ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून पेटीसमोर. जो माणूस दिवसभर भट्टीच्या ज्वाळेकडं बघायचा तो आता पाण्याकडं बघत बसायला लागला. श्वास घेताना त्यांच्या गळ्याची शीर वर यायची. खालून यांच्या चिमट्यांचा आवाज आला की मामा मान तिरकी करून ऐकायचे आणि पुटपुटायचे, "आच जास्त झाली."

एकदा मामी त्यांना औषध देत होत्या आणि ते घेत नव्हते. मामी रागावल्या, असं केलं तर कसं व्हायचं म्हणाल्या. मामांनी पेटीकडं बोट केलं.

"त्यो काळा दिसतोय का? सगळ्यांची नजर खाऊन बसलाय. त्यो हाय तवर मी हाय. त्याला घाला औषध."

मामी हसल्या, आमचे हे हसले. मी हसले नाही. माझ्या मनात ते रुतून बसलं. मी कुणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण त्या दिवसापासून सकाळी उठल्याबरोबर मी तोंड धुण्याआधी पेटीजवळ जायची आणि काळा कुठं आहे ते बघायची. तो हलला की मग चूल.

मामींच्याही मनात काहीतरी बसलं असावं, पण त्यांचं मन हाताला कामाला लावायचं. त्या मला म्हणाल्या, "आपण कॅनचं गोड पाणी पितो अन् ह्या मुक्या जिवांना खारं? कशी बरकत यायची?" सोनारानं पाणी एक दिवस ठेवून घालायला सांगितलं होतं, तेवढं मामींच्या ध्यानात होतं. ठेवायचंच तर चांगल्या भांड्यात का नको? त्या दिवसापासून संध्याकाळी हंड्यात कॅनचं पाणी पडायला लागलं. रात्रभर राहायचं आणि सकाळी मामी स्वतः, आंघोळ करून, तांब्यानं तांब्यानं ते पेटीत घालायच्या. घालताना पुटपुटायच्या. मला तेव्हा ते इतकं बरोबर वाटलं. हंड्याच्या पाण्यानं मला उठवलं होतं, आता ते माशांना आणि माशांमार्फत मामांना उठवेल. पाण्याची इतकी ओढाताण असताना घरातलं सगळ्यात चांगलं पाणी आम्ही माशांना देत होतो.

आधी गोगलगायी मेल्या. काचेवरून सुटून तळाशी पडल्या, पालथ्या, तोंड उघडं. मला वाटलं उन्हाळ्यानं. मग एक सोनेरी मासा कोपऱ्यात जाऊन तोंड वर करून हवा खायला लागला. त्याचे पर अंगाला चिकटले होते, अंगावर दुधाच्या सायीसारखा चिकट पापुद्रा आला होता. तो गेला. मग दुसरा.

मूर मार्केटला माशांची दुकानं आहेत, रेल्वे स्टेशनच्या पाठीमागं. मी तिथं गेले, एकटी, पहिल्यांदाच. दुकानदार मोठ्या आवाजाचा माणूस होता, मला अक्का म्हणाला, आणि मी खुणेनं, मोडक्या तमिळमध्ये, पर मिटून दाखवत मासा कसा करतो ते सांगितलं. त्यानं विचारलं, पाणी कसलं? मी अभिमानानं सांगितलं, कॅनचं. तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, पाणी उत्तम आहे, हा रोग आहे, आणि एक निळी बाटली दिली. कुठल्या भांड्यात ठेवता, हे त्यानं विचारलं नाही. कुणी का विचारावं? बाटलीवरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं बोटांनी थेंब मोजून दाखवले आणि मी ते थेंब मनात म्हणत घरी आले.

औषध घातलं. पेटी निळी झाली. आणखी दोन मासे गेले.

आता मामी जास्त पाणी बदलायला लागल्या. हंडा शुक्रवारऐवजी रोज घासायला लागल्या, आपल्याच स्वच्छतेत काही कमी पडतंय असं त्यांना वाटत होतं. चिंच भिजत घातलेली वाटी ओट्यावर कायम. हाताच्या भेगांत चिंचेचा आंबटपणा जाऊन त्यांची बोटं चुरचुरायची, तरी घासायच्या. मी म्हटलं, मी घासते. "नको बाई," त्या म्हणाल्या, "तू जिना चढून आलीयस. बस जरा." त्या घासत आणि मी नुसती बसलेली, आणि पेटीत मासे वर तोंड करून हवा पीत, आणि खुर्चीत मामा तसेच. पेटीतल्या हवेच्या पंपाचा बुडबुड आवाज. वीज गेली की तोही बंद व्हायचा आणि मग मामांचा श्वास ऐकू यायचा. मी मनात म्हणायची, देवा, एवढं वर्ष सरू दे.

मासे मरत होते तसे मामा गप्प होत चालले. पूर्वी ते मेलेल्या माशाबद्दल काहीतरी बोलायचे, आता मी जाळीनं मासा काढायला लागले की तोंड फिरवायचे. एकदा म्हणाले, "गावाकडं जावं का म्हणतोय. इथलं पाणी संपलं आपलं." मामींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला मात्र झोप येईना. गावी ना डॉक्टर जवळ, ना औषध. मामा गावी जाऊन काय करणार होते ते मला कळत होतं, आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

काळा आणि दोन सोनेरी उरले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी मी यांचं जेवण घेऊन खाली दुकानात गेले. हे चांदी पाडत होते. म्हणजे असं असतं: भेसळीची चांदी तेजाबात विरघळवतात, ती दिसेनाशी होते, नुसतं पाणी राहतं. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. चांदी पट्टीवर कापसासारखी धरते, झाडली की तळाला बसते. हे मी लग्न झाल्यापासून बघत होते. त्या दिवशी यांनी पट्टी वर उचलली ती पानासारखी पातळ झालेली, कडेला जाळी पडलेली, आणि भांड्यातलं पाणी निळं-हिरवं.

मी विचारलं, "ही पट्टी जाडजूड होती ना?"

"व्हती की."

"मग कुठं गेली?"

"कुठं जाणार? पाण्यात." हे जेवायला बसले. "तांब्यानं स्वतः विरघळायचं अन् चांदीला सोडवायचं. असंच असतंय."

मी तिथंच पायरीवर बसले. मला हंड्याचा तळ आठवत होता. सकाळी मामींनी पाणी ओतून घेतलं की तळाला, वाकून बघितलं तर, फिकट हिरवी कडा दिसायची. तीच कडा मामी चिंचेनं घासून काढायच्या आणि रोज ती पुन्हा यायची. हिरवं येतं कुठून आणि रोज जातं कुठं, हा विचार कुणी केला नव्हता. मी यांना सांगितलं, हंड्याचं तांबं पाण्यात उतरतंय आणि तेच माशांना मारतंय. हे म्हणाले, ते तेजाब आहे, हे साधं पाणी, एवढं काही होत नाही. मग घास हातातच राहिला. मग म्हणाले, "कॅनचं पाणी हलकं. त्यात काही नसतंय, म्हणून ते जे मिळंल ते खातंय. माणसाला एवढं सोसतंय, माशाला नाही." आणि लगेच, "मामीला बोलू नकोस. त्यांच्या हंड्याला नाव ठेवायचं म्हणजे त्यांच्या आईला नाव ठेवायचं. आपण त्यांच्या जिवावर जगतोय."

मला ते माहीत नव्हतं का? माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. पण न सांगावं तर काळा मरणार होता. त्याचे पर मिटायला लागले होते, मी सकाळी बघितलं होतं. मामी दोन्ही हातांनी, आंघोळ करून, देवाचं नाव घेऊन त्याला मारत होत्या, आणि तो गेला की मामा खुर्चीतून गावाच्या गाडीत बसणार होते. मी उठले आणि जिना चढले.

मामी दुपारच्या आडव्या झाल्या होत्या. मामा खुर्चीत जागे. मी त्यांच्या पायाशी बसले आणि हळू आवाजात सांगितलं, गोगलगायींपासून सुरुवात करून, पट्टीपर्यंत. बोलताना मी पदराचं टोक इतकं पिळलं होतं की मामा आधी त्याच्याकडंच बघत होते.

मग ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, आणि हसता हसता खोकला लागला. मी पाठ चोळली. डोळे पुसून ते म्हणाले, "उभा जन्म तांबं पाण्यात घातलं, अन् घरात कळंना. देवाला बी मजा वाटली आसंल."

मी म्हटलं, मामींना कसं सांगायचं?

मामांचं हसू गेलं. खोलीत झोपलेल्या मामींकडं त्यांनी बघितलं. त्यांचे हात चेहऱ्याजवळ होते, बोटं भेगाळलेली, लाल.

"तिला काय बी सांगायचं न्हाई."

"पण मासे, मामा..."

"मासं जगतील. तू सांजच्याला बादली भरून ठेव, बोअरच्या पाण्याची. खाऱ्यात रुळलेली हायती ती, खारंच बरं त्यांना. सकाळी थोडं थोडं घाल. बाकी मी बघतो."

संध्याकाळी मामींनी कॅन वाकडा केला आणि हंड्यात पाणी पडायला लागलं. मामा खुर्चीतून म्हणाले, "अगं, ते पाणी कुणाला?"

"कुणाला म्हंजे? माशांना."

"अन् मला?"

मामींचे हात थांबले. "तुम्ही कुठं पिता हंड्याचं? जन्मभर म्हणत आलाय, तांब्याचं पाणी पिऊन कोण अमर झालंय ते दाव."

"आता पितो म्हणतोय ना. सुनंला कावीळ झाली तवा पाजलंस. माशांना पाजतीस. मी काय सावतर हाय?"

"माशांवर जळता व्हय?" मामी म्हणाल्या.

"जळतो की. माशाला बादलीचं दे. हंड्याचं मला."

मामींनी हंड्यावर झाकण ठेवलं, पदरानं कडा पुसली. मी पाठमोरी होते, कणीक मळत होते, आणि मला त्यांचा चेहरा बघायचं धाडस होत नव्हतं. पण त्या माझ्या शेजारी ओट्याशी आल्या तेव्हा गुणगुणत होत्या. कितीतरी महिन्यांनी.

सकाळी मामांनी लोटी तोंडाला लावली, सगळी संपवली आणि म्हणाले, "चव हाय गं." मामी त्यांच्यापुढं उभ्या होत्या, लहान मुलाचं दूध संपायची वाट बघतात तशा.

मी बादलीतलं पाणी पेटीत घालायला लागले. एक सोनेरी मासा तरी गेलाच, त्याचं आधीच फार झालं होतं. काळ्याचे पर मात्र हळूहळू सुटले. काचेवर पुन्हा पांढरा थर धरायला लागला आणि तो खरवडताना मला बरं वाटायचं. मूर मार्केटमधून मी थोड्या गोगलगायी आणल्या. त्या काचेवर चढल्या, चिकटल्या आणि राहिल्या. त्या राहिल्या म्हणजे पाणी बरं, एवढं मी शिकले होते. निळ्या बाटलीतलं उरलेलं औषध मी मोरीत ओतून दिलं. गावाला जायचं मामा पुन्हा बोलले नाहीत.

मामा बरे झाले असं मी लिहिलं असतं तर मलाच आवडलं असतं. त्यांची छाती माशांवर अवलंबून नव्हती. पुढच्या वर्षी पाऊस आला, नळाला पाणी आलं, बोळात चिखल झाला, मामा खिडकीतून तो बघायचे. रोज सकाळी लोटीभर पाणी प्यायचे. शेवटी शेवटी एका दमात लोटी संपवता यायची नाही, मामी डोकं धरून घोट घोट पाजायच्या, मला पाजलं होतं तसं. ते गेले तेव्हा काळा पेटीत होता, चांगला धडधाकट, माझ्याकडं बघत. मला त्याचा राग आला. मग राग आल्याची लाज वाटली. तो काय करणार होता? त्याला कुणी विचारून थोडंच नेमलं होतं.

दिवस झाले, गावाकडची माणसं येऊन गेली. मामी गावी गेल्या नाहीत. यांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिकडं आता माझं कोण आहे? घर चौघांचं तिघांचं झालं. खुर्ची पेटीसमोर तशीच होती, कुणी हलवली नाही आणि कुणी बसलं नाही.

एके दिवशी संध्याकाळी मी खालच्या नळाचं पाणी घेऊन वर आले तर मामी हंड्यात पाणी भरत होत्या. घासलेला, लखलखीत. सवयीनं भरला असेल. सकाळी उठले, पेटीकडं गेले, तर मामी तिथं उभ्या. हातात लोटी, काठोकाठ. खुर्चीकडं बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी खुर्चीवरची नजर काढली आणि दुसऱ्या हातानं पेटीवरचं झाकण उचललं.

इतकी वर्षं गेली तरी तो क्षण मला नीट सांगता येत नाही. काळा वर आला होता, खायला मिळेल म्हणून. मी एका ढांगेत तिथं गेले आणि लोटीला हात लावला.

"मामी, हे पाणी मला द्या."

"तुला?"

"मला हवंय. तेव्हा द्यायचा तसं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माशाकडं. मग लोटी माझ्या हातात दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सावकाश पी," त्या म्हणाल्या. "ठसका लागंल."

मी उभ्यानंच प्यायले, सगळं. पाण्याला तांब्याची थोडी कडवट चव होती, मला आजारात कळली नव्हती. माझं पिऊन होईपर्यंत मामी थांबल्या. मग कोपऱ्यात ठेवलेल्या बादलीशी वाकल्या, मगाभर पाणी घेतलं आणि हळूहळू, बारीक धार धरून, पेटीत घातलं. माशांचं पाणी बादलीतच का असतं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. हंड्याचं पाणी सकाळचं मी पिते.